घरच्या फणसाचा बाक: ओंडका कापण्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत

परसातला फणस पडतो किंवा पाडावा लागतो, ओंडका मिलवर जातो, फळ्या घरी येतात आणि महिनाभरात सुतार कामाला लागतो. पुढच्या उन्हाळ्यात बैठकीत बोटभर फट पडलेली असते, पाय हलत असतात, आणि दोष फणसाला किंवा सुताराला दिला जातो. खरी चूक बहुतेक वेळा त्याच्या आधीच झालेली असते: ओंडका कसा चिरला, फळ्या कशा रचल्या आणि किती दिवस थांबलो यात. म्हणून इथे सुतारकामाला जेवढी जागा आहे, तेवढीच त्याआधीच्या कामाला दिली आहे.

उदाहरण म्हणून ४ फुटी बाक घेतला आहे. बैठक ४८ × १४ इंच, उंची १७ इंच. मापं इंच आणि सुतात आहेत, ८ सूत म्हणजे १ इंच. आंबा किंवा साग असेल तर फरक कुठे पडतो ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

१. झाड पाडण्याआधी

कागद आधी. महाराष्ट्रात १९६४चा वृक्षतोड विनियमनाचा कायदा आहे, शहरी हद्दीत १९७५चा वेगळा कायदा आहे, आणि गोव्यात १९८४चा. झाड स्वतःच्या जागेत असलं तरी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात किंवा नगरपालिकेत विचारून घ्या. तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हातात आली की दुसरीचा विसर पडतो आणि टेम्पो नाक्यावर अडकतो.

शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत तोडा. पुढे पाऊस लागेपर्यंत पाच महिने कोरडा वारा मिळतो. मे महिन्यात तोडलेल्या फळ्या ओल्याच पावसात सापडतात आणि त्यांच्यावर बुरशी धरते.

घराजवळच्या झाडात लोखंड असतंच असं धरून चाला: कपड्यांच्या तारेचा खिळा, झोपाळ्याची कडी, कधीकाळी ठोकलेली पाटी. साल काढल्यावर लाकडावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे, कारण लाकडातलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळं पडतं. तिथे खडूनं फुली मारा आणि खिळा काढून घ्या. एका खिळ्यानं मिलवाल्याचं पातं जातं, आणि पुढचा ओंडका तो हातात घेत नाही.

फांद्यांच्या फळ्या काढू नका. आडव्या फांदीचं लाकूड ताणलेलं असतं, चिरता चिरताच पीळ खातं. फांद्या खुंट्यांना ठेवा, उरलेल्या चुलीत.

२. ओंडका: लांबी, तोंडं, हिशोब

४८ इंची बैठकीसाठी ओंडका ५४ इंच ठेवा. दोन्ही टोकांना ३-३ इंच तडकणार हे गृहीत धरायचं.

कापलेली तोंडं त्याच दिवशी बंद करा. टोकाकडून पाणी फळीच्या अंगापेक्षा कितीतरी वेगानं उडतं, म्हणून तडे तिथून सुरू होतात. घरात उरलेला ऑइल पेंट दोन हात लावा. तोही नसेल तर फेव्हिकॉलचा जाड थर. शेणमातीचा लेप काहीच न लावण्यापेक्षा बरा, पण वाळून पडला की पुन्हा द्यावा लागतो आणि तो कुणी देत नाही.

मिलवर घनफूट मोजायची पद्धत समजून जा. घेराचा चौथा हिस्सा काढून त्याचा वर्ग, गुणिले लांबी. मधला घेर ४८ इंच असेल तर चौथा हिस्सा १२ इंच, म्हणजे १ फूट. १ × १ × साडेचार फूट = साडेचार घनफूट. यातून साल, पांढरा भाग, गाभा आणि भुसा जाऊन चांगल्या फळ्या साधारण निम्म्या, सव्वादोन घनफुटांच्या आसपास निघतात. ओंडक्याच्या मापावर कपाटाचे बेत करू नका.

३. मिलवर काय सांगायचं

इथे स्वतः उभं राहा. "फळ्या काढा" एवढं सांगून चहाला गेलात तर सगळ्या १ इंची फळ्या मिळतील, आणि त्या वाळून, रंधून पाऊण इंच उरतील.

नियम असा: तयार माप अधिक २ सूत. ४८ इंच घेराच्या ओंडक्याचा व्यास सव्वापंधरा इंच भरतो. त्याची वाटणी एका बाजूकडून अशी सांगा:

पाठीचा फाळ (सालीकडचा गोल भाग, सुमारे २ इंच), १० सुती फळी, १२ सुती, १२ सुती, मधली २ इंची पाटी, १२ सुती, १२ सुती, १० सुती, पाठीचा फाळ.

म्हणजे १२ सुती चार आणि १० सुती दोन फळ्या. चार जाड फळ्यांपैकी दोन बैठकीला आणि दोन पायांना जातात. पातळ फळ्यांपैकी एकीत खालच्या सगळ्या पट्ट्या बसतात आणि दुसरी भिंतीवरच्या फळीला उरते.

मधली पाटी निराळी काढायचं कारण गाभा. गाभ्याभोवतीचं लाकूड वाळताना फाटणारच, त्यावर उपाय नाही. पाटीच्या मधोमध गाभ्यासकट दीड-दोन इंचांची पट्टी चिरून फेकून द्या. तिच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या पट्ट्या मात्र अख्ख्या ओंडक्यातलं सर्वांत सरळ राहणारं लाकूड असतं. त्या जळणात जाऊ देऊ नका.

पायांसाठी ३ × ३ इंचाचे चौरस कापून घ्यायचा मोह होतो. तेवढं जाड लाकूड कोकणात एका उन्हाळ्यात आतपर्यंत वाळत नाही. त्याऐवजी १२ सुती दोन पट्ट्या वाळवून, १० सुतांवर रंधून एकमेकींना चिकटवा. पाय बरोबर अडीच इंचांचा होतो, आणि लवकर होतो.

साखळी-करवतीनं घरीच चिरणार असाल तर प्रत्येक कापाला साधारण ३ सूत भुशात जातं. मिलच्या पट्टा-करवतीत जेमतेम १ सूत जातं. सात-आठ कापांत दीड-दोन इंचांचा फरक पडतो, म्हणजे एक अख्खी फळी गेली. फणसाचा चीक पात्यावर बसला की काप वाकडा जाऊ लागतो, तेव्हा पातं डिझेलच्या बोळ्यानं पुसायला लावा.

तपासणी: मिल सोडण्याआधी प्रत्येक फळीच्या तोंडावर खडूनं क्रम लिहा आणि गाभ्याकडची बाजू खुणेनं दाखवा. बैठक जोडताना या खुणा लागतात.

४. किडीचा बंदोबस्त

फणसाची पिवळी नार, म्हणजे आतलं पक्कं लाकूड, वाळवीला सहसा दाद देत नाही. पांढऱ्या भागाचं मात्र दोन-तीन वर्षांत पीठ होतं. आंब्याला नार-पांढरं असा दिलासाच नाही, तिथे सगळ्या फळीला औषध लागतं.

१० लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. चिरल्यापासून दोन-तीन दिवसांत, लाकूड ओलं असतानाच, सर्व बाजूंना ब्रशनं दोनदा लावा. औषध लाकडातल्या पाण्यातून आत झिरपतं, वाळलेल्या फळीवर ते वरच राहतं. मग फळ्या एकावर एक ठेवून ताडपत्रीत गुंडाळा आणि दोन आठवडे तशाच राहू द्या.

ताडपत्रीचा उपयोग एवढ्यापुरताच. पुढच्या टप्प्यात तीच ताडपत्री लाकूड कुजवते. बोरॅक्स पाण्यानं धुऊन जातं, त्यामुळे अंगणात पावसात राहणाऱ्या बाकाला या औषधाचा भरवसा धरू नका. हे द्रावण मुलांच्या आणि गुरांच्या तोंडाशी येणार नाही असं ठेवा.

५. रचणं

सगळ्यात जास्त लाकूड इथे वाया जातं. फळ्या भिंतीला तिरक्या टेकवून ठेवतात, किंवा माळ्यावर एकावर एक रचतात. पहिल्या प्रकारात त्या वाकतात, दुसऱ्यात बुरसतात.

१) जागा सावलीची, पण वारा खेळणारी हवी. पडवी किंवा गोठ्याची मोकळी बाजू चांगली. गच्चीवरचं ऊन नको. वरचा थर आधी वाळून आवळतो, आत ओल राहते आणि फळीला चिरा जातात.

२) जांभ्याचे चिरे मांडून त्यांवर तीन वासे ठेवा. खालची फळी जमिनीपासून दीड फूट वर हवी. तिन्ही वासे एका पातळीत आहेत का ते दोरी लावून बघा. वासा खाली-वर असेल तर तोच पीळ सगळ्या फळ्यांत उतरतो.

३) दोन थरांमध्ये १ × १ इंचाच्या कोरड्या रिपा. ५४ इंची फळीला तीन: दोन अगदी टोकांशी, एक मधोमध. सगळ्या रिपा एकाच जाडीच्या हव्यात, आणि प्रत्येक रीप खालच्या रिपेच्या बरोबर डोक्यावर. अर्धा फूट सरकली की फळी तिथे झोळ खाते. ओल्या रिपा वापरल्या तर फळीवर आडवे काळपट पट्टे उमटतात, ते रंध्यानंही पुरते जात नाहीत.

४) वर सहा-आठ चिऱ्यांचं वजन. त्यावर पत्रा, चारी बाजूंनी फूटभर बाहेर. बाजू उघड्या ठेवा.

पाऊस सुरू झाला की थप्पी पडवीत आणखी आत घ्या. त्या चार महिन्यांत लाकूड वाळत नाही, फक्त ओलं होऊ द्यायचं नसतं.

६. वाळलं हे कसं ओळखायचं

टकटक वाजवून किंवा हातानं वजन अजमावून कळत नाही. अनुभवी माणसाला ओलं आणि कोरडं यांतला फरक कळतो, पण १४ टक्के आणि २० टक्के यांतला हाताला कळत नाही. बाक फाटतो तो त्याच फरकानं.

घरी करता येईल असं माप: जादा फळीच्या टोकापासून फूटभर आतून इंचभर रुंदीचा तुकडा आडवा कापा. टोकाचा तुकडा आधीच वाळलेला असतो, तो फसवतो. लगेच ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. मग ओव्हनमध्ये १०३-१०५ अंशांवर ठेवून, वजन उतरायचं थांबेपर्यंत दर दोन तासांनी तोला. समजा आधी २१२ ग्रॅम होता आणि शेवटी १८४ राहिला. गेलेलं पाणी २८ ग्रॅम, भागिले १८४, म्हणजे सव्वापंधरा टक्के. भागायचं कोरड्या वजनानं, ओल्या नाही.

दोन पिनांचं ओलावामापक असेल तर ताज्या कापावर टोचा. फळीच्या पाठीवरचा आकडा नेहमी कमी दाखवतो.

किती हवा? किनारपट्टीवरच्या घराला १३-१४ टक्के. पुण्यात किंवा विदर्भात, आणि एसीच्या खोलीत ९-१०. कोकणात वाळवलेल्या फळ्या थेट नागपूरला नेऊन जोडल्या तर त्या तिथे पुन्हा आवळतात. बाक ज्या घरात राहणार त्याच घरात फळ्या रिपांवर तीन-चार आठवडे ठेवा, मगच हात लावा.

वेळेचा हिशोब: डिसेंबरात चिरलेली दीड इंची फळी मे अखेरीस बरीच उतरलेली असते, पण पुरती तयार बहुधा पुढच्या डिसेंबर-जानेवारीत होते. म्हणजे वर्षभर. घाईच असेल तर मिलवाल्याकडे भट्टीची सोय आहे का विचारा. ती नसेल तर थांबण्याला पर्याय नाही, आणि "तीन महिन्यांत कडकडीत वाळतं" असं सांगणाऱ्याला वरचा तुकडा तोलून दाखवा.

७. रंधण्याचा क्रम

आधी लांबी, मग सपाटी. तुकडे तयार मापापेक्षा इंचभर लांब कापून घ्या आणि मग रंधा. लांब फळी सपाट करत बसलात तर जाडी उगाच जाते.

पन्हळलेली, म्हणजे रुंदीत वाकलेली फळी असेल तर ती उभी चिरून दोन करा. ८ इंची फळीला ३ सुतांची पन्हळ असेल तर ४-४ इंचांच्या दोन पट्ट्यांत ती प्रत्येकी पाऊण सुतावर येते. अख्खीच सपाट करायला गेलात तर दोन्ही बाजू मिळून जवळपास ६ सूत जाडी भुशात जाईल.

पीळ बघायला फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ रिपा आडव्या ठेवा आणि एकीच्या कडेवरून दुसरीकडे बघा. कडा समांतर दिसल्या नाहीत की पीळ आहे. दोन्ही बाजूंनी सारखं लाकूड काढा. सगळं एकाच बाजूनं काढलेली फळी रात्रीत वाकते. मापाच्या १ सूत अलीकडे थांबा, फळ्या आठवडाभर रिपांवर ठेवा आणि मग शेवटचा हात मारा.

फणसाचे रेषे उलटसुलट जातात. रंधा एका जागी गुळगुळीत चालतो आणि वीतभर पुढे खपली उपटतो. पात्याला धार लावून घ्या, ते कमी बाहेर काढा, आणि अडेल तिथे फुटक्या काचेच्या कडेनं खरवडा, सुतार करतात तसं. पिवळा भुसा कपड्यांवरून निघत नाही. नाकाला फडकं बांधा.

८. बैठक आणि सांगाडा

तयार मापं:
- बैठक: ७ इंची दोन फळ्या, जाडी १० सूत
- पाय: चार, अडीच × अडीच × पावणेसोळा इंच
- लांब पट्ट्या: दोन, साडेसदतीस × ३ × १ इंच
- आखूड पट्ट्या: दोन, साडेनऊ × ३ × १ इंच

पट्ट्यांच्या लांबीत दोन्ही टोकांची सव्वा-सव्वा इंचाची कुसवं (पायाच्या खाचेत बसणारी बारीक केलेली टोकं) धरली आहेत. कुसू ३ सूत जाड आणि २ इंच रुंद. वरून ६ सूत सोडा, खालून २. वर कमी सोडलं तर पायाचं डोकं खाचेपाशी फुटतं.

खाच कुठे पाडायची हे महत्त्वाचं. पट्टीची बाहेरची बाजू पायाच्या बाहेरच्या बाजूपासून २ सूत आत राहील अशी आखणी करा. खाच पायाच्या मधोमध पाडलीत तर लांब आणि आखूड पट्टीच्या खाचा आत एकमेकींना छेदतात आणि पाय पोकळ होतो.

आधी खाच पाडा, मग खाचेवरून कुसू करा. कुसू पटाशीनं कमी करता येतं, मोठी झालेली खाच लहान होत नाही. खाच ११ सूत खोल, कुसू १० सूत लांब. ते १ सूत सरसाला लागतं. कुसू हाताच्या जोरानं बसलं पाहिजे. हातोडी लागली तर घट्ट आहे, आपसूक घसरलं तर सैल.

कोरडी जोडणी करून बघा. मग:

१) एक आखूड पट्टी आणि दोन पाय, अशा दोन चौकटी चिकटवा. रात्रभर शिकंज्यात.
२) दुसऱ्या दिवशी लांब पट्ट्या घालून उभं करा.
३) वरून दोन्ही कर्ण मोजा. १ सुतापेक्षा जास्त फरक असेल तर सरस ओला असतानाच लांब कर्णावर शिकंजा लावून ओढा.
४) प्रत्येक जोडात २ सुती भोक पाडून वाळलेल्या बांबूची खुंटी ठोका.

घरातल्या बाकाला साधं फेव्हिकॉल चालतं. पडवीतल्या बाकाला पाण्यात टिकणारं घ्या.

बैठकीच्या दोन फळ्यांपैकी एकीची गाभ्याकडची बाजू वर, दुसरीची खाली. मिलवर केलेल्या खुणा इथे कामी येतात. कडा एकमेकींवर ठेवून मागे बॅटरी धरा. टोकांशी उजेड दिसला तर रंधा परत मारा, मधोमध केसभर दिसला तर चालतं, शिकंज्यानं मिटतो.

९. बैठक सांगाड्यावर बसवणं

हा जोड सरसानं किंवा खिळ्यांनी पक्का केलात तर आधीचं वर्षभराचं काम वाया. लाकूड वाळलं तरी हवेबरोबर रुंदीत हलतंच. सागाचंच बघा, तो कमी हलणाऱ्यांत मोडतो. ओलं ते पूर्ण सुकं होईपर्यंत तो कडेकडेच्या फळीत रुंदीला ५.८ टक्के आवळतो आणि गाभ्यातून सरळ चिरलेल्या फळीत २.५ टक्के. पावसातले १८ टक्के आणि उन्हाळ्यातले १० टक्के या फरकात १४ इंची बैठक दीड-पावणेदोन सूत हलते. लांबीत मात्र जवळजवळ काही होत नाही.

म्हणून आखूड पट्ट्यांच्या आतून, वरच्या कडेशी, १ × १ × ७ इंचाची आधारपट्टी सरस आणि स्क्रूनं बसवा. मधल्या पाटीच्या उरलेल्या पट्ट्या याच कामाच्या. आधारपट्टीतून खालून वर तीन भोकं: मधलं गोल, बाजूची दोन ३ सूत लांब, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं. पावणेदोन इंची ८ नंबर स्क्रू, वायसर घालून. मधला घट्ट, बाजूचे टेकतील एवढेच.

स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस घ्या. साध्या लोखंडी स्क्रूभोवती पहिल्या पावसात काळं वर्तुळ उमटतं. आणि आधी स्क्रूच्या दांड्यापेक्षा बारीक भोक पाडून घ्या, फणसात पितळी स्क्रूचं डोकं सहज तुटतं.

१०. पॉलिश

बैठकीला वरून जेवढे हात, तेवढेच खालून. खालची बाजू कोरी राहिली तर तिकडून दमट हवा आत शिरते आणि बैठक पन्हळते. "खाली कोण बघतंय" ही यातली नेहमीची चूक.

कच्चं अळशीचं तेल कोकणात नको, त्यावर पावसात बुरशी धरते. उकळलेलं अळशीचं तेल पातळ दोन हात, मध्ये दोन-तीन दिवस, आणि वर मेण. किंवा सरळ पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा किंवा उलगडून बाहेर वाळत घाला. काजूच्या टरफलांचं तेल वाशांना ठीक, पण बसायच्या जागेला लावू नका, अंगाला उततं.

पायांच्या तळव्यांना तीन हात द्या आणि खाली २ सुती रबरी गुट्ट्या मारा. ओल्या लादीवरचं पाणी पाय उभ्या रेषांतून वर ओढतो.

उरलेली १० सुती फळी

८ सुतांवर रंधून ती भिंतीवर लावा. पुस्तकांसाठी दोन आधारांतलं अंतर अडीच फुटांपेक्षा जास्त नको. फळी भिंतीला चिकटवू नका. मागे २ सूत फट सोडली नाही तर पावसात ओली भिंत फळीची मागची कड काळी करते.

पहिल्या पावसात

ऑगस्टमध्ये बाक उलटा करून बघा. लांब भोकांत स्क्रू किंचित सरकलेले दिसले तर काम बरोबर झालं आहे. बसताना करकर वाजत असेल तर बाजूचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा. बैठक आखूड पट्टीपाशी उचलली गेली असेल तर स्क्रू आवळू नका, लांब भोकाच्या कुठल्या टोकाला तो अडला आहे ते बघा आणि त्या बाजूला कानसीनं अर्धा सूत वाढवा.